मीटर १३.१ दाखवतो, पण ते १३.१ कुठले?

प्रश्न असा आला आहे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत काम करणाऱ्या एका पोराकडं रॉयल एनफिल्डची २०१९ ची हिमालयन ४११ आहे. जूनमध्ये लडाखला निघायचं म्हणून त्यानं दोन फॉग लाइट, मोबाइलचा चार्जर आणि ऑनलाइन मागवलेला एक गोल डिजिटल व्होल्टमीटर बसवून घेतला. गाडी चालू असताना मीटर १३.१ दाखवतो, फॉग लावले की १२.४ वर येतो. ज्यांनी बसवून दिलं ते म्हणाले, आर-आर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे चार्जिंगचे व्होल्ट ताब्यात ठेवणारा डबा) गेलंय, नवीन टाका. त्यात भर म्हणजे गाडी दहा-बारा दिवस उभी राहिली की सेल्फ लागत नाही, आणि या गाडीला किक नाही. आता त्याला शेजारी ऑइल टेंपरेचरचा मीटरही हवाय. 'मामा, आर-आर बदलू का? आणि दुसरा मीटर कुठं जोडू?'

भावा, आर-आरचे पैसे आधी खिशातच ठेव. कोल्हापुरात शाहूपुरीत अठ्ठावीस वर्षं गाड्यांचं वायरिंगच करतोय. नुसत्या मीटरकडं बघून काढून टाकलेली धडधाकट आर-आर युनिटं मी जितकी पाहिलीत, तितकी खरोखर जळलेली पाहिली नाहीत. थोडी अतिशयोक्ती असेल, पण थोडीच.

व्होल्टमीटर बॅटरी बघत नाही. त्याच्या पाठीमागं ज्या दोन वायरी आहेत, त्या दोन टोकांमधला फरक तो बघतो. ती टोकं बॅटरीपर्यंत कुठल्या वाटेनं जातात, वाटेत त्याच वायरीतून आणखी कुणाचा करंट वाहतो, यावर आकडा ठरतो. आपल्याकडं उसाची ट्रॉली शेतातून भरून निघते आणि गावातनं जाताना मागं पोरं लोंबकळतात, प्रत्येकजण दोन-दोन कांडी ओढतो. कारखान्याच्या काट्यावर वजन कमी भरलं म्हणून शेतात ऊसच कमी होता असं कुणी म्हणत नाही. तुझा मीटर काट्यावर बसलाय आणि आपण शेताला दोष देतोय.

म्हणून मी त्याला पहिलं काम दिलं ते मल्टिमीटरचं. दोन-तीनशेचा साधा मल्टिमीटर चालतो, डीसी २० व्होल्टवर ठेवायचा. गाडी चालू करून हातानं साधारण ३००० आरपीएमवर धरायची आणि तीन जागी बघायचं.

पहिली जागा, बॅटरीचे दोन्ही टर्मिनल. दुसरी, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरं व्होल्टमीटरच्या मागच्या लाल वायरीवर. हे बघून पोरं गोंधळतात, कारण दोन्ही टोकं पॉझिटिव्हवरच आहेत. पण इथं जो आकडा येतो तीच वाटेत ओढलेली कांडी. वायर धडधाकट असेल तर ०.१ च्या आसपास किंवा त्याखाली यायला पाहिजे. तिसरी जागा तशीच, पण निगेटिव्हची: एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं व्होल्टमीटरच्या काळ्या वायरीवर. टोक लांब पोचत नसेल तर जादा वायरीचा तुकडा जोडून घे. आणि हे सगळं गाडी चालू, दिवे चालू असताना करायचं. करंट वाहत नसेल तर पडझडही दिसत नाही. बंद गाडीवर वायर तपासून 'सगळं ओके आहे' म्हणणारे इथंच फसतात.

त्याची रीडिंग आली ती अशी. बॅटरीवर १४.१, फॉग लावल्यावर १३.९. फॉग चालू असताना लाल वायरीच्या वाटेत ०.९ पडले आणि काळ्या वायरीच्या वाटेत ०.६. बेरीज दीड. १३.९ मधून दीड गेले की १२.४, म्हणजे त्याच्या गोल मीटरवरचा आकडा दशांशापर्यंत जुळला. मीटर बिचारा खराच होता.

१२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी भरलेली आणि निवांत पडलेली असेल तर १२.६ ते १२.८ दाखवते. चार्ज होताना १३.८ ते १४.५ च्या मध्ये असायला पाहिजे. १४.१ म्हणजे आर-आर आपलं काम व्यवस्थित करतंय. फॉग लावून १३.९ म्हणजे स्टेटरही, इंजिनातली वीज बनवणारी कॉइल, पुरतोय. बदलायचं काहीच नाही.

मग ते दीड व्होल्ट गेले कुठं? फोटो बघितला. हेडलाइटच्या मागं, पार्किंगच्या वायरीला चिमटा कनेक्टर लावून मीटरची लाल वायर घेतलीय, आणि फॉगची वायरही तिथंच चिकटवलीय. अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंटची निगेटिव्हकडं परतायची वाट) म्हणून काळी वायर हँडलच्या क्लॅम्पच्या बोल्टखाली दाबलीय. बोल्टखाली पावडर कोटिंग जसंच्या तसं. १ एप्रिल २०१७ नंतर आपल्याकडं दुचाकीचा हेडलाइट कायम चालू असतो, त्याला बटणच नाही. म्हणजे हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब, तोच चार-सव्वाचार अँपिअर दिवसरात्र ओढतोय. त्यात फॉगचे ४० वॅट म्हणजे आणखी तीन अँपिअर. कंपनीनं ती वायर दिली तेव्हा हिशोब फक्त तिच्या स्वतःच्या लोडचा होता. त्याच वाटेवर मीटर बसवला तर तो बॅटरीची तब्येत सांगणार नाही, त्या वायरीचं रडगाणं सांगेल.

अर्थचं तर विचारूच नका. हँडल म्हणजे बॉडी, बॉडी म्हणजे अर्थ, असं सगळे धरून चालतात. पण हँडलपासून चासीपर्यंत करंट जातो तो स्टिअरिंगच्या बेअरिंगमधून, म्हणजे ग्रीस लावलेल्या गोळ्यांमधून. तिथं रंग, गंज, ग्रीस, सगळं आलं. हँडल वळवलं की रीडिंग बदलतं अशी गाडी आली की मी मीटरला हातच लावत नाही, आधी काळी वायर कुठं गेलीय ते बघतो.

आता बॅटरी उतरण्याचं. ते प्रकरण वेगळं, मीटरचा त्यात हात नाही, कारण तो चावी बंद केली की विझतो. दोषी आहे चार्जर. तो सरळ बॅटरीला जोडलाय आणि त्याचा निळा दिवा रात्रंदिवस जळतोय. हे मोजायचं असं: चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर घेऊन ती वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये धरायचा, आकडा अगदी लहान असेल तर मग मिलीअँपवर यायचं. मध्ये मल्टिमीटर असताना चुकूनही सेल्फ मारू नको, आतला फ्यूज जाईल, नाहीतर मल्टिमीटरच जळेल. घड्याळ आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मिळून एक-दोन मिलीअँप घेतले तर हरकत नाही. याच्याकडं निघाले २६. चोवीस तास गुणिले २६ म्हणजे रोज ०.६ अँपिअर-अवर. बॅटरी ८ अँपिअर-अवरची. दहा दिवसांत सहा गेले. उरलेल्या दोनावर ४११ सीसीचा पिस्टन कोण ढकलणार?

आता जोडणी नव्यानं कशी करायची ते सांगतो. चिमटा कनेक्टर सगळे काढ. ते आत पातं घुसवून तांब्याच्या दोन-चार तारा कापतात आणि पाणी आत जायला खिडकी करून देतात. गगनबावड्याचा एक पावसाळा झाला की आतलं तांबं हिरवं पडतं. वरून टेप लावलेली असते, त्यामुळं बाहेरून काहीच दिसत नाही. कापलेल्या जागी थिंबल किंवा जॉइंटर दाबून, वर गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह चढव. डाख देऊ नको असं मी सांगतो, यावर माझे काही दोस्त भांडतात. टेबलावर डाख उत्तमच. पण सिंगल सिलिंडरच्या गाडीत कथील वायरीत जिथपर्यंत झिरपतं तिथपर्यंत ती काडीसारखी ताठ होते, आणि ताठ संपून मऊ सुरू होते तिथंच थरथरून तुटते. चांगल्या दाबयंत्रानं दाबलेला थिंबल दहा वर्षं जातो. पकडीनं दाबलेला दहा दिवस जातो, हेही खरं.

वायरीला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, आणि शेवटी जोडायची तीही निगेटिव्हच. कारण साधं आहे. निगेटिव्ह सुटलेली असेल तर पॉझिटिव्हच्या नटावरचा पाना चासीला टेकला तरी काही होत नाही. उलट केलंस तर ठिणगी पडते आणि पान्याला कायमचा दात पडतो. माझ्याकडं असे दोन पाने आहेत.

बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून एक १.५ स्क्वेअर एमएमची वायर काढ. टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. तिथून सीटखाली रिले, म्हणजे थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. रिलेच्या ३० नंबरवर बॅटरीची वायर, ८७ वरून बाहेर जाणारी, ८५ आणि ८६ म्हणजे कॉइल. कॉइलचं एक टोक अर्थला, दुसरं मागच्या पार्किंग लाइटच्या वायरीला. चावी लावली की टेल लाइट लागतो, रिले टक् करतो, सगळ्या जादा सामानाला सप्लाय मिळतो. चावी काढली की सगळं बंद, चार्जरसकट. कॉइल दीडशे मिलीअँपच्या आसपास घेते, तेवढं टेल लाइटची वायर सहज देते.

इथं एक गंमत. फक्त मीटरच बसवायचा असेल, फॉग नाही, चार्जर नाही, तर रिले लावू नको. मीटर घेणार वीस मिलीअँप आणि त्याला चालू करणारा रिले खाणार दीडशे, म्हणजे कोंबडी चार आण्याची आणि मसाला बारा आण्याचा. फक्त मीटरवाल्यानं चावीनंतरची अशी वायर शोधावी की जिच्यावर जड लोड नाही, आणि आकडा ०.१ किंवा ०.२ नं कमी येतो हे लक्षात ठेवून चालवावं.

तुझ्याकडं रिले येणारच आहे, तेव्हा ८७ वरून फॉगची वायर वेगळी आणि मीटरची वेगळी. एकत्र नेऊन पुढं फाटा काढायचा नाही, रिलेपाशीच फाटा. हिशोब करून दाखवतो. पुढं जायला दोन मीटर, यायला दोन मीटर, अशी चार मीटर वायर धर. १.५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याला मीटरला साधारण ०.०१३ ओहम. तीन अँपिअरला पडझड ०.१६ व्होल्ट. तीच वायर ०.५ स्क्वेअर एमएमची घेतली, जशी या किटमध्ये येते, तर जवळजवळ ०.४७. पण मीटरला एकट्यानं ती ०.५ ची वायर दिली तर वीस मिलीअँपमागं पडणार तीन मिलीव्होल्ट, म्हणजे नाहीच. मीटरला जाड वायर लागत नाही, त्याला स्वतःची वायर लागते. काळीचंही तेच. फॉगची अर्थ वेगळी, मीटरची काळी वेगळी, आणि मीटरची थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्यायची. हँडलचा बोल्ट विसर.

मीटर तीन वायरींचा असेल तर आणखी सोपं. लाल सप्लायची, काळी अर्थची, तिसरी पिवळी किंवा पांढरी फक्त मोजायची. लाल चावीनंतरच्या कुठल्याही वायरीवर दे. मोजायची वायर वेगळा फ्यूज घालून सरळ बॅटरीच्या पॉझिटिव्हला. ती वायर इतकं थोडं घेते की महिनाभर गाडी उभी राहिली तरी बॅटरीला कळत नाही. तीन वायरींचा मीटर पन्नास-शंभर रुपयांनी महाग पडतो, तोच घ्यावा. मात्र यातही काळी वायर खराब अर्थवर टाकली तर सगळं मुसळ केरात, कारण मोजमाप काळीपासूनच सुरू होतं.

फ्यूजबद्दल दोन शब्द जास्त बोलतो, कारण ते मी पैसे देऊन शिकलोय. फ्यूज मीटरसाठी नसतो, वायरीसाठी असतो. म्हणून तो बॅटरीच्या टोकाला पाहिजे. वीस-एक वर्षांपूर्वी मी माझ्याच बुलेटवर एक व्होल्टमीटर लावला होता. जुन्या बुलेटला हेडलाइटच्या वर अँमीटर, म्हणजे करंट मोजणारा मीटर, असायचा, हॉर्न दिला की काटा डावीकडं पळायचा. तो बंद पडला होता, आणि सगळा करंट त्याच्यातूनच जात असल्यानं तो ढिला झाला की गाडीच बंद. म्हणून तो काढून मी व्होल्टमीटर बसवला. फ्यूज घातला, पण हँडलपाशी, मीटरच्या बुडाशी, कारण तिथं बदलायला सोपा. मलकापूर ओलांडून आंबा घाटाकडं चाललो होतो, पाऊस भुरभुर, आणि टाकीखालनं धूर. स्टिअरिंगच्या मानेपाशी वायर घासून उघडी पडली होती, चासीला टेकली. फ्यूज शाबूत, कारण शॉर्ट त्याच्या अलीकडं होता. बॅटरीपासून मानेपर्यंत वायर लालभडक. पकडीनं वायर तोडली तेव्हा थांबलं. टाकीत पेट्रोल भरलेलं होतं, एवढंच सांगतो. तेव्हापासून आमच्या दुकानातून वीतभराच्या आत फ्यूज नसलेली गाडी बाहेर जात नाही.

आकडे सांगून ठेवतो: तीन वायरींच्या मीटरच्या मोजायच्या वायरीला २ अँपिअर, म्हणजे करड्या रंगाचा पातळ फ्यूज. फॉग आणि चार्जर मिळून मुख्य फ्यूज ७.५ चा, तपकिरी. तो उडाला म्हणून १५ चा निळा घालायचा नाही, उडाला का ते शोधायचं. मीटरची पातळ वायर रिलेपाशी जिथं वेगळी निघते, तिथं तिला स्वतःचा २ चा फ्यूज दे, कारण ७.५ चा फ्यूज उडेपर्यंत ती पातळ वायर मऊ झालेली असेल.

वायर नेताना मानेपाशी मोकळा झोळ ठेव आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाच-सहा वेळा वळवून बघ, कुठं ताणतेय, कुठं चिमटतेय. सायलेन्सरच्या पाइपापासून लांब, प्लगच्या वायरीपासूनही लांब, नाहीतर डिजिटल आकडा भूत लागल्यासारखा नाचतो. मीटरमध्ये वायर वरून शिरत असेल तर आधी ती खाली झोळ देऊन मग वर ने, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून ओघळून झोळावरून खाली पडतं, मीटरात शिरत नाही. एबीएसच्या वायरींना हात लावायचा नाही, त्यांच्यावरून सप्लाय घ्यायचा नाही. कंपनीचं वायरिंग कापायचंही नाही. कपलर मिळतात, ते मध्ये बसवायचे, नको झाले की काढायचे.

ब्रॅकेटसाठी उद्यमनगरात जा. तीन एमएमची ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून भोक पाडून देणारे प्रत्येक गल्लीत आहेत, माप मात्र पुठ्ठ्यावर कापून ने, तोंडी सांगू नको. मीटर आणि ब्रॅकेटमध्ये रबरी वॉशर. रात्री लाल आकडे डोळ्यात घुसतात, त्यावर काचेच्या काळ्या फिल्मचा तुकडा चिकटव. आणि तुझ्या गाडीत होकायंत्र आहे, त्याच्याजवळ चुंबकवाला मोबाइल होल्डर आणू नको, नाहीतर लेहला जाताना ते तुला कन्याकुमारीची दिशा दाखवेल.

आता ऑइल टेंपरेचर. हा मीटर मला व्होल्टमीटरपेक्षा जास्त आवडतो, पण बसवताना जास्त घाण होते.

यात मीटर आणि सेन्सर जोडीनंच घ्यायचे. सेन्सरच्या आत असते ती गरम झाली की रेझिस्टन्स कमी होणारी गोळी, आणि प्रत्येक मीटर आपल्या सेन्सरच्याच आकड्यांवर बांधलेला असतो. एकाचा मीटर आणि दुसऱ्याचा सेन्सर लावलास तर काहीतरी दाखवेल, पण ते तापमान नसेल.

बसवण्याच्या जागा दोन-तीन. सर्वात सोपी म्हणजे ड्रेन बोल्टच्या (इंजिनाखालचा, ऑइल काढायचा बोल्ट) जागी सेन्सरवाला बोल्ट. चेंबरमधल्या ऑइलचं तापमान मिळतं, हेच आपल्याला हवं. तुझ्या गाडीला खाली इंजिन वाचवणारी बॅश प्लेट आहे, तरी सेन्सरची शेपटी प्लेटच्या वर राहते का ते आधी मोज. दगडावर आपटून सेन्सर तुटला तर ऑइल रस्त्यावर आणि तू रस्त्याकडंला. दुसरी जागा ऑइल कूलरच्या पाइपात टी बसवून. तिथं आकडा वेगळा येतो, कारण कूलरला जाणारं ऑइल आणि कूलरमधून आलेलं ऑइल सारखं नसतं. कुठल्या बाजूला बसवलाय ते लिहून ठेवलं नाहीस तर वर्षानं तुलाच कळणार नाही आकडा कशाचा. मी ड्रेन बोल्टच सुचवतो. आणि ऑइल प्रेशरचा जुन्या पद्धतीचा मीटर, ज्यात गरम ऑइल बारीक नळीतून हँडलपर्यंत येतं, तो कुणी फुकट दिला तरी बसवू नको. नळी फुटली तर ते ऑइल मांडीवर येतं.

आट्यांचा घोळ मात्र नीट समजून घे. जुना ड्रेन बोल्ट काढून दुकानात सोबत ने, अंदाजानं घेऊ नको. ॲडाप्टर वापरायचा असेल तर बाजारात सेन्सरचे आटे बहुतेक एक अष्टमांश एनपीटीचे (अमेरिकन माप) येतात, आणि आपल्याकडचा लेथवाला सवयीनं एक अष्टमांश बीएसपीचे (ब्रिटिश माप) पाडतो. पहिल्यात इंचाला २७ आटे, दुसऱ्यात २८. कोनही वेगळा, एकाचा ६० अंश, दुसऱ्याचा ५५. दोन-तीन फेरे छान बसतात, मग घट्ट होतं, आणि माणूस म्हणतो, व्वा, काय फिट बसलंय. पुढच्या पाव फेऱ्यात ॲल्युमिनियम चिरतं. म्हणून लेथवाल्याला सेन्सर हातात द्यायचा आणि म्हणायचं, याच्यावर पाड. बोल्ट चेंबरमध्ये पहिले तीन-चार फेरे बोटांनीच फिरला पाहिजे. पान्यानं सुरुवात करणारा फिटर दिसला की गाडी उचलून दुसरीकडं ने. वॉशर दरवेळी नवा. चेंबरचे आटे गेलेच तर हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, टाकून घेता येतं, इंजिन फेकायची गरज नाही.

एक वायरीचा सेन्सर अर्थ घेतो तो आपल्या अंगातून, आट्यांवाटे. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून गुंडाळून जाड केली तर अर्थ कच्ची होते. आणि इथली चूक जीवघेणी आहे. व्होल्टमीटरची अर्थ खराब असली तर मीटर घाबरवतो, निदान माणूस तपासायला तरी जातो. या सेन्सरची अर्थ खराब झाली की वाटेतला रेझिस्टन्स वाढतो, मीटरला वाटतं गोळी थंड आहे, आणि तो कमी तापमान दाखवतो. ऑइल १३० वर आणि मीटर म्हणतोय १०५, चाल निवांत. म्हणून दोन वायरींचा सेन्सर मिळाला तर तोच घे, आणि त्याची अर्थही व्होल्टमीटरच्या काळीबरोबरच बॅटरीच्या निगेटिव्हला आण.

बोल्ट चेंबरमध्ये कसण्याआधी तपासून घे. आमच्या शेजारी चहाची गाडी आहे, मी सेन्सर तिथं नेतो. मीटरला सप्लाय दिलेला, सेन्सरला वायर लांब जोडलेली, आणि सेन्सरचं टोक उकळत्या पाण्याच्या पातेल्यात. चहावाला आता सवयीचा झालाय, वेगळं पातेलं ठेवतो. कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळं इथं पाणी १०० ला नाही, ९८ च्या जवळ उकळतं. मीटर ९६ ते १०० मध्ये कुठंही असला तरी चालेल. ८५ दाखवत असेल तर परत पाठव. हाच प्रयोग लेहला केलास, साडेतीन हजार मीटरवर, तर पाणी ८८ च्या जवळच उकळेल, तेव्हा तिथं मीटरवर संशय घेऊ नको.

मग आकडे वाचायचे कसे. हवेवर थंड होणाऱ्या सिंगल सिलिंडरमध्ये ऑइल ९० ते १२० मध्ये असलं तर तो रोजचा संसार आहे. १३० च्या वर जाऊन तिथंच टिकून राहिलं तर सावली बघून थांब. गर्दीत फर्स्टवर रखडलास की चढणार, पुढं रस्ता मोकळा झाला की उतरणार, पण ऑइल जड असतं, त्याचा आकडा दोन-चार मिनिटं मागून येतो. आकडा वाढतोय बघून लगेच घाबरू नको आणि उतरतोय बघून लगेच निर्धास्तही होऊ नको. थंडीत उलटा त्रास: घरापासून बाजारापर्यंत दोन किलोमीटर रोज जाणाऱ्याचं ऑइल ६०-७० च्या वर जातच नाही, आतला ओलावा उडत नाही, आणि झाकणाखाली पांढरी साय धरते. ऑइलच्या १५ डब्ल्यू ५० मधला मागचा ५० हा आकडा १०० अंशांवरच्या घट्टपणाचा आहे, म्हणजे ऑइल बनवणाऱ्यानंही ते तेवढं तापणार असंच धरलंय. तीन आकडी संख्या दिसली म्हणून इंजिनावर पाणी ओतणारे मी पाहिलेत. गरम ॲल्युमिनियमवर गार पाणी ओतायचं नसतं.

व्होल्टमीटरचं वाचन सोपं आहे. सेल्फ मारण्याआधी चावी लावून १२.४ च्या वर, सेल्फ मारताना क्षणभर १० च्या आसपास, आयडलला १३ च्या वर, गाडी पळताना १४ च्या अलीकडं-पलीकडं. सेल्फला ९.५ च्या खाली झोपत असेल तर बॅटरी म्हातारी झालीय. पळताना १५ च्या वर गेला तर मात्र आर-आर खरंच गेलंय, तेव्हा दिवे जळायच्या आत थांब. आणि पळताना १२.५ वरून हळूहळू खाली घसरत असेल तर चार्जिंगच होत नाही. आधी स्टेटरपासून आर-आरला जाणारा तीन वायरींचा कपलर उघडून बघ, पांढरं प्लास्टिक तपकिरी झालंय का. आर-आर बदलून आणतात आणि जळका कपलर तसाच जोडतात, हे नेहमीचं.

निघायच्या आधी एक रविवार दे. सकाळी रंकाळ्यावरून गगनबावडा, पंचावन्न किलोमीटर, मग करूळ घाटानं खाली वैभववाडी, चहा, आणि तसंच वर. चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, फॉग लावून, दोन्ही मीटर बघ. वर आल्यावर थांबून रिलेला आणि फ्यूज होल्डरला हात लाव, कोमट चालेल, चटका बसला तर जोड कच्चा आहे. हँडल दोन्हीकडं वळवून आकडा हलतो का बघ. घरी आल्यावर तीच तीन रीडिंग पुन्हा घे: बॅटरीवर, लाल वाटेवर, काळ्या वाटेवर, फॉग चालू ठेवून. आणि चावी बंद करून मिलीअँप. लिहून पाठव. लाल आणि काळी मिळून ०.२ च्या आत आले, तर सीटखाली २ चे दोन आणि ७.५ चे दोन फ्यूज टेपनं चिकटव आणि सामान बांधायला लाग.